शेतकऱ्याच्या घरचे वेल्डिंग : यंत्र कोणते घ्यावे, लोखंड कापावे कशाने

धर्मादाय संस्थेच्या महोत्सवी स्मरणिकेत वेल्डिंगच्या यंत्रावर लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. परंतु ज्या बेळगाव, खानापूर, चिकोडी, निपाणी या टापूत ही स्मरणिका घरोघर वाचली जाईल, तेथील पुष्कळ घरांचे पोट आजही शेतीवर आहे. आणि आजची शेती बैलांच्या खांद्यावर जितकी उभी आहे, त्याहून अधिक ती लोखंडाच्या सांध्यांवर उभी आहे. तो सांधा कोणी व कशाने जोडावा, हा प्रश्न आता प्रत्येक शेतकऱ्याच्या दाराशी आला आहे. म्हणून या विषयावर चार उपयुक्त गोष्टी सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

लोखंडाशी आमच्या बेळगावचे नाते जुने आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपला लोखंडी नांगर १९०३ च्या सुमारास बेळगावातच तयार केला. लोखंडाने जमीन विषारी होईल, अशी शंका त्या काळी शेतकऱ्यांना वाटे व नांगराला गिऱ्हाईक मिळणे कठीण जाई. १९१० साली त्यांनी आपला कारखाना कुंडल रोडच्या माळावर, म्हणजे आजच्या किर्लोस्करवाडीस हलविला. पुढे ती शंका मावळली आणि लोखंड शेतात कायमचे आले. लाकडी औत मोडले की सुतार होता, कुळवाची फास बोथटली की लोहाराचा भाता होता. ट्रॅक्टर, ट्रॉली, कल्टिव्हेटर, पेरणीयंत्र व कडबाकुट्टी आली, तेव्हा मात्र भात्याचे काम विजेच्या ज्योतीकडे गेले.

ही दुरुस्ती वेळेवर झाली नाही, तर काय होते ते सांगावयास नको. ऊसतोडीचा हंगाम ऐन भरात असतो, तोडीची चिठ्ठी आलेली असते, टोळी फडात उतरलेली असते, आणि ट्रॉलीच्या फाळक्याची बिजागरी तुटते. जोडण्याचे काम दहा मिनिटांचे. पण तालुक्याच्या गावी ट्रॉली नेणे, रांगेत थांबणे व परतणे यात दिवस जातो. तोडून पडलेला ऊस तेवढ्यात वाळतो आणि वजनात व उताऱ्यात घटतो. पेरणीचा वाफसाही कोणासाठी थांबत नाही. म्हणून घरी एखादे यंत्र असावे असे शेतकऱ्यास वाटते, ते योग्यच आहे. परंतु दुकानात गेल्यावर जे यंत्र स्वस्त दिसते किंवा ज्याच्यावर अँपिअरचा आकडा सर्वांत मोठा छापलेला असतो, ते उचलून आणले जाते. आणि महिन्याभरात ते कोपऱ्यात पडते, किंवा त्याहून वाईट, त्याने नको ते जोडले जाते.

आमचे सांगणे थोडक्यात असे आहे. आपल्याकडे काय मोडते, आपल्या वस्तीवर वीज किती व कशी येते, आणि आपला हात किती बसला आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे आधी काढावीत. यंत्र त्यांतून आपोआप ठरते. आणि कोणते काम घरी मुळीच करू नये, हे ठरविणे यंत्र निवडण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

मोडते काय?

गेल्या दोन हंगामांत वेल्डरकडे काय काय नेले, ते वहीत लिहून काढावे. बहुधा यादी अशी निघेल : ट्रॉलीचे फाळके व बिजागऱ्या, कल्टिव्हेटरची चौकट, पेरणीयंत्राचे पाय, गोठ्याचे फाटक, कडबाकुट्टीचे पाय, पाइपांचे आधार. या वस्तूंची जाडी साधारणतः ३ ते १० मिलिमीटर असते आणि त्या साध्या मऊ पोलादाच्या असतात. हे पोलाद जोडावयास सर्वांत सोपे. घरच्या यंत्राचे खरे क्षेत्र हेच.

यादीत दुसऱ्या जातीच्याही वस्तू असतील. पाट्याची पाने, कल्टिव्हेटरची फावडी, नांगराचे फाळ यांत कर्बाचे प्रमाण जास्त असते. अशा पोलादाला साधा टाका मारला, तर टाक्यालगतचा भाग झपाट्याने निवून काचेसारखा ठिसूळ होतो. टाका शाबूत राहतो आणि शेजारी तडा जातो. लोक दोष रॉडला देतात. असे काम करावयाचे तर वस्तू आधी दोनशे-अडीचशे अंशांपर्यंत तापवावी लागते, रॉड कमी हायड्रोजनचा लागतो आणि नंतर वस्तू सावकाश निवू द्यावी लागते.

तिसरी जात बिडाची. उसाच्या चरकाचे लाट, जुन्या पंपाचे कवच, कित्येक गिअर-पेट्या बिडाच्या असतात. बीड दाबाला बळकट, पण ताणाला कच्चे. त्याला निकेलचा रॉड लागतो. टाका एका वेळी इंचभराहून लांब मारू नये. प्रत्येक टाक्यावर तो गरम असतानाच हातोडीने हलके ठोके द्यावेत, आणि शेवटी वस्तू कोरड्या राखेत पुरून निवू द्यावी. तडा पुढे सरकू नये म्हणून त्याच्या दोन्ही टोकांना आधी लहान भोके पाडून ठेवावीत.

धातू ओळखावा कसा? ग्राइंडरचे चाक क्षणभर टेकवून ठिणग्या पाहाव्यात. मऊ पोलादाच्या ठिणग्या लांब, सरळ व फिक्या पिवळ्या असतात. जास्त कर्बाच्या पोलादाच्या ठिणग्यांना पुष्कळ फाटे फुटून त्या फुलबाजीसारख्या दिसतात. बिडाच्या ठिणग्या आखूड व तांबूस असतात. माहीत असलेल्या तीन तुकड्यांवर सावलीत आधी सराव केला की डोळा लवकर बसतो.

वीज किती लागते?

पुष्कळांची समजूत असते की यंत्र घरच्या प्लगात खुपसले की झाले. येथे थोडा हिशेब करणे भाग आहे. शेतीच्या कामात ३.१५ मिलिमीटर जाडीचा रॉड सर्वांत अधिक वापरला जातो. रॉडच्या जाडीच्या दर मिलिमीटरला सुमारे ४० अँपिअर, हा जुना अडाखा. त्याप्रमाणे या रॉडला १२० अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. ज्योतीवर दाब सुमारे २५ व्होल्ट असतो. म्हणजे ज्योतीची शक्ती झाली ३ किलोवॅट. यंत्रातील घट धरून ते साडेतीन किलोवॅट वीज ओढते. आणि साध्या इन्व्हर्टर यंत्राचा पॉवर फॅक्टर ०.७ च्या जवळपास असल्यामुळे वायरीवरचा भार ५ केव्हीए इतका होतो. २३० व्होल्टवर हा प्रवाह २२ अँपिअर भरतो. घरातला मोठा प्लग असतो १६ अँपिअरचा! म्हणून २.५ मिलिमीटरचा रॉड ८० अँपिअरवर चालविला, तर तो प्लग कसाबसा पुरतो, ३.१५ च्या रॉडसाठी मात्र मीटरपासून वेगळी वायर, ३२ अँपिअरचे सॉकेट व त्याला शोभेल असा एमसीबी पाहिजे. मंजूर भार आधी वाढवून घ्यावा, हे ओघाने आलेच.

वायरीची जाडी ही दुसरी गोष्ट. गोठा घरापासून ५० मीटर दूर असेल, तर जाऊन-येऊन वायर झाली १०० मीटर. ती दीड चौरस मिलिमीटर तांब्याची असेल, तर २२ अँपिअरवर सुमारे २८ व्होल्ट वायरीतच खर्ची पडतात. संध्याकाळी आधीच २०० वर उतरलेला दाब मग १७० च्या आसपास येतो. रॉड चिकटतो, ज्योत विझते व यंत्राची निंदा होते. तीच वायर चार चौरस मिलिमीटरची घातली तर घट सुमारे ११ व्होल्टच होते. कित्येकदा महागड्या यंत्राने जे साधत नाही, ते जाड वायरीने साधते. यंत्र घेण्याआधी आठवडाभर सकाळी, दुपारी व दिवेलागणीस मीटर लावून आपल्या वस्तीवरचा दाब टिपून ठेवावा. ती चिठ्ठी दुकानदाराच्या माहितीपत्रकापेक्षा अधिक मोलाची आहे.

एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. शेतीपंपाची सवलतीची वीज पंपासाठीच असते. तिच्यावर वेल्डिंग चालविणे हा २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे अनधिकृत वापर होय, आणि तारेवर आकडा टाकणे ही तर चोरी होय. दंडाची गोष्ट बाजूस ठेवली तरी आकड्यावर ना एमसीबी असतो ना अर्थिंग. तेथे माणसाच्या आणि मृत्यूच्या मध्ये काहीच उरत नाही. वीजखर्चाची धास्ती मात्र नको. एक रॉड दीड मिनिटाच्या आत जळून जातो. एका युनिटात असे बारा रॉड सहज निघतात. जेथे वीज नाहीच, तेथे ३.१५ च्या रॉडसाठी साडेसात केव्हीएचे जनरेटर धरावे. लहान जनरेटरवर यंत्र व जनरेटर दोन्ही होरपळतात.

यंत्र कोणते?

बाजारात प्रामुख्याने तीन प्रकार आहेत.

पहिला जुना ट्रान्सफॉर्मर. आत लोखंडी गाभा व त्यावर तारेची वेटोळी, एवढाच त्याचा संसार. खेड्यांतील दुकानांत तो बहुधा दोन फेजांवर, म्हणजे ४१५ व्होल्टवर चालतो. धूळ, उष्णता, आडदांड वापर तो निमूट सोसतो, आणि जळाला तर मोटारी भरणारा कारागीर त्याला पुन्हा उभा करतो. परंतु तो इतका जड की एका माणसास हलत नाही. वस्तीवर तिन्ही फेज दिवसातून ठराविक तासच येत असतील, तर ज्या वेळी काम पडते नेमकी त्या वेळी तो मुका असतो. ज्यास दुकान चालवावयाचे आहे व ज्याची वीजजोडणी तशी आहे, त्याने तो घ्यावा.

दुसरा इन्व्हर्टर. यात आलेली वीज प्रथम एकदिश करतात, मग इलेक्ट्रॉनिक स्विचांनी सेकंदाला हजारो वेळा तोडून लहानशा ट्रान्सफॉर्मरमधून नेतात. वेग वाढला की ट्रान्सफॉर्मर लहान पुरतो. म्हणून सारे यंत्र ५ ते १० किलोंत बसते व खांद्याला अडकवून बांधावर नेता येते. ते एका फेजवर चालते. ज्योत स्थिर राहते व नवशिक्याचा रॉड कमी चिकटतो. त्याचे वैरी तीन : ग्राइंडरचे लोखंडी पीठ, ओल आणि उंदीर-पाली. ग्राइंडर त्याच्या तोंडाशी चालवू नये आणि काम झाल्यावर यंत्र पेटीत ठेवावे. आतले कार्ड गेले की मात्र खर्च मोठा येतो.

तिसरा प्रकार तारेच्या रिळाचा, ज्यास लोक सीओटू वेल्डिंग म्हणतात. पातळ पत्र्यासाठी तो उत्तम व काम झपाट्याचे. परंतु त्यातला वायू वाऱ्याच्या झुळकेने उडून जातो व टाक्यात भोके पडतात. शिवाय सिलिंडर वागवावा लागतो. बंद शेडमध्ये रोज काम असेल तरच तो परवडतो. उघड्या रानात त्याचा उपयोग थोडा.

आमचा कौल साध्या शेतकऱ्यासाठी दुसऱ्या प्रकारास आहे : एका फेजवर चालणारे, खरोखरीचे १६० ते २०० अँपिअर देणारे इन्व्हर्टर यंत्र. ‘खरोखरीचे’ हा शब्द आम्ही मुद्दाम घातला. यंत्राच्या पाटीवर ड्यूटी सायकल लिहिलेली असते. २०० अँपिअरला ६० टक्के, याचा अर्थ दहा मिनिटांपैकी सहा मिनिटे जोडकाम व चार मिनिटे विसावा. ज्या यंत्रावर नुसता मोठा आकडा असतो व ही पाटी नसते, ते घेऊ नये. घेण्यापूर्वी दुकानातच ३.१५ चे पाच-सात रॉड लागोपाठ जाळून पाहावेत. दाब किती उतरेपर्यंत ते चालते, ते विचारावे व आपली चिठ्ठी पुढे करावी. दुरुस्ती एका दिवसाच्या प्रवासात होते काय, हे विचारावे. पक्की पावती घ्यावी. सोबत मिळणारी बारीक केबल व पत्र्याचा अर्थिंग क्लॅम्प बदलून २५ चौरस मिलिमीटर तांब्याची केबल व पितळी क्लॅम्प घ्यावा.

रॉडांत नेहमीच्या कामास ६०१३ जातीचा, आणि ज्यावर ओढ पडते अशा जाड कामास ७०१८ जातीचा ठेवावा. ७०१८ हा कमी हायड्रोजनचा रॉड, पण तो ओल पितो. पुडा उघडा राहिलेला रॉड वापरण्यापूर्वी भट्टीत साडेतीनशे अंशांवर तासभर भाजावा लागतो. खानापूरच्या पावसात ६०१३ सुद्धा मऊ पडतो. म्हणून रॉड घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत.

सांध्याची तयारी हे अर्धे काम आहे. गंज, रंग, ग्रीस उघड्या धातूपर्यंत घासून काढावे. ६ मिलिमीटरहून जाड तुकड्यांच्या कडा तासून मध्ये ‘व्ही’च्या आकाराची खाच करावी, नाही तर टाका वरवरचा राहतो. मोडक्या जागी पट्टी मारावयाची तर तिची टोके निमुळती करावीत. चौकोनी पट्टीच्या आडव्या टाक्यावरच पुढचा तडा पडतो.

कापावे कशाने?

कापण्याची साधने घेताना पहिले नाव हॅकसॉचे. हसू नये : पाइप, सळई, पट्टी यांचे थोडे काम असेल तर तो पुरतो, आणि त्याने आग लागत नाही.

दुसरा ग्राइंडर. वेल्डिंग यंत्राइतकाच तो आवश्यक आहे. सांधा साफ करणे, खाच करणे, कापणे ही तिन्ही कामे तो करतो. ४ किंवा ५ इंची ग्राइंडर शेतकऱ्यास पुरे. त्याचे नियम मात्र कडक आहेत. प्रत्येक चाकावर जास्तीत जास्त फेरे छापलेले असतात. चाकाची कड सेकंदाला ८० मीटरपर्यंत वेग सोसते. त्या हिशेबाने ४ इंची चाकास मिनिटाला १५,००० हून थोडे अधिक फेरे चालतात, तर ७ इंची चाकास सुमारे ८,५०० च. लहान ग्राइंडर ११,००० च्या आसपास फिरतो. त्याचे झाकण काढून त्यावर मोठे चाक चढविणे म्हणजे हातात सुरुंग धरणे होय. झाकण कधीही काढू नये, लाकूड कापण्याचे दातेरी पाते त्यावर बसवू नये, आणि कापण्याच्या पातळ चाकाची बाजू घासण्यास वापरू नये. चाकाच्या मधल्या कड्यावर मुदत लिहिलेली असते. मुदत संपलेले, ओले झालेले वा पडलेले चाक टाकून द्यावे.

तिसरे साधन १४ इंची कटऑफ यंत्र. अँगल, चॅनल, पाइप यांचे सरळ काप वारंवार लागत असतील, म्हणजे शेड किंवा फाटके घरीच करावयाची असतील, तरच ते घ्यावे.

चौथा गॅस कटर. त्याचे तत्त्व जाणण्यासारखे आहे. गॅसच्या ज्योतीने पोलाद सुमारे ९०० अंशांपर्यंत लाल करतात व मग शुद्ध ऑक्सिजनचा झोत सोडतात. त्या झोतात पोलाद अक्षरशः जळते व वितळलेली राख खाली उडून जाते. म्हणूनच जाडजूड पोलाद त्याने लोण्यासारखे कापते. पण बीड, स्टेनलेस व ॲल्युमिनियम त्याने नीट कापत नाही. वाकलेला जाड आस तापवून सरळ करणे, गंजून धरलेला नट लाल करून सोडविणे ही कामे त्याच्यासारखी दुसऱ्याने होत नाहीत. परंतु ऑक्सिजनच्या भरल्या सिलिंडरात दीडशे पट वातावरणाचा दाब असतो. त्याच्या तोंडाला तेल-ग्रीसचा बोट लागला तरी भडका उडू शकतो, आणि शेतकऱ्याचा हात ग्रीसने माखलेला असतोच. ॲसिटिलीनचा सिलिंडर आडवा ठेवून चालत नाही. दोन्ही नळ्यांवर ज्योत मागे न येऊ देणारी झडप हवीच. स्वयंपाकाचा १४.२ किलोंचा सिलिंडर या कामास वापरणे बेकायदा आहे. त्यासाठी व्यापारी सिलिंडर घ्यावा लागतो. वर्षातून चार वेळा लागणाऱ्या कामासाठी ही जोखीम घरात आणू नये. ते काम दुकानात न्यावे, किंवा पाच-सहा शेतकऱ्यांनी मिळून, शिकलेल्या एका माणसाच्या ताब्यात संच ठेवावा.

पाचवा प्लाझ्मा कटर. विजेच्या ज्योतीतून दाबाची हवा जाऊन तो वीज वाहणारा कोणताही धातू कापतो. ४० अँपिअरचे यंत्र १० मिलिमीटरपर्यंतचे पोलाद कापते व पत्र्याचा काप स्वच्छ येतो. पण त्यास कोरडी हवा देणारा कॉम्प्रेसर लागतो. हौस व सतत काम दोन्ही असतील तरच तो घ्यावा.

घरी काय जोडू नये?

आता जे सांगावयाचे आहे त्यासाठीच हा लेख लिहिला, असे म्हटले तरी चालेल. फाटकाचा टाका सुटला तर फाटक पडते. पण ट्रॉलीचा हूक सुटला तर? उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या उतारावरून मोकळ्या धावतात. पुढे रस्त्यावर कोण आहे, शाळेतून परतणारी मुले आहेत की दुचाकीवर दांपत्य आहे, हे त्या ट्रॉल्यांना कळत नाही. म्हणून ट्रॉलीचा हूक, ओढणीचा दांडा, आस, ट्रॅक्टरचे स्टिअरिंग व ब्रेक यांचे भाग घरच्या यंत्राने जोडू नयेत. जेथे भाग बदलता येतो तेथे बदलावाच. जोडावयाचाच तर तयार कारागिराकडून जोडून घ्यावा. रोटाव्हेटरची पाती तर बोल्टांवर बसविलेली असतात, ती बदलण्यासाठीच. जोडलेले पाते फिरताना सुटले तर गोळीसारखे जाते.

हवेच्या टाकीला वा कॉम्प्रेसरला टाका मारू नये. डिझेलच्या, तेलाच्या वा औषधाच्या रिकाम्या पिंपाला तर ज्योत दाखवूही नये. पीप रिकामे दिसते, पण त्यात वाफ भरलेली असते. भरल्या पिंपाहून रिकामे पीप अधिक घातक असते, हे लक्षात ठेवावे.

शरीराचे रक्षण

ज्योतीकडे क्षणभर उघड्या डोळ्यांनी पाहिले तर त्या वेळी काही होत नाही. मध्यरात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होते व पाण्याच्या धारा लागतात. म्हणून १० किंवा ११ नंबरच्या काचेचा मुखवटा वापरावा. गॉगल लावून किंवा मान वळवून टाका मारण्याची सवय डोळे घालविते. जवळ उभे राहून गंमत पाहणाऱ्या पोरांस आधी दूर करावे. ग्राइंडर चालविताना बंद बाजूंचा चष्मा हवाच.

ओल्या जमिनीवर, घामाने भिजलेल्या अंगाने काम करू नये. रबरी तळाचा कोरडा बूट, कातडी हातमोजे व सुती कपडे घालावेत. नायलॉनचे कपडे ठिणगीने वितळून अंगास चिकटतात. जोडणीवर ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवावी. अर्थिंगचा क्लॅम्प टाक्याजवळच लावावा. प्रवाह बेअरिंगमधून गेला तर बेअरिंग खराब होते. ट्रॅक्टरवरच काम असेल तर बॅटरीच्या तारा आधी सोडाव्यात.

वेल्डिंगचा धूर फुप्फुसास वाईट. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या वर्गात घातले. जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपाच्या धुराने त्याच संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. तो मुलामा आधी घासून काढावा. दूध वा गूळ घेतल्याने धूर उतरतो ही समजूत आहे, उपाय नव्हे. उघड्यावर, वारा बाजूने येईल असे उभे राहावे व तोंड धुराच्या लोटात घालू नये. पाचट, कडबा व गंज्या यांपासून दूर काम करावे, पाण्याची बादली जवळ ठेवावी, आणि काम संपल्यावर निदान अर्धा तास त्या जागेवर नजर ठेवावी. कडब्यात शिरलेली ठिणगी आपण जेवावयास बसल्यावर जागी होते.

हात बसणे आणि खरेदीचा क्रम

यंत्र विकत मिळते, हात मिळत नाही. पहिले दोन पुडे रॉड भंगाराच्या तुकड्यांवरच जाळावेत. जोडलेला तुकडा पकडीत धरून हातोडीने मोडून पाहावा व आत पोकळी आहे काय, ते तपासावे. मोडून पाहण्यास जो लाजतो तो शिकत नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वेल्डरचा अभ्यासक्रम एका वर्षाचा आहे. घरातील एका मुलाने वा मुलीने तो केला, तर त्या घराची दुरुस्ती सुटेल, आणि उद्यमबागेतील कारखान्यांची दारेही त्यास ठोठावता येतील. संस्थांनी पुस्तकी विद्येला शिष्यवृत्त्या देताना या हातविद्येचाही विचार करावा, ही या निमित्ताने आमची विनंती आहे.

खरेदीचा क्रम आम्ही असा सुचवू. प्रथम मुखवटा, हातमोजे, चष्मा व बूट. मग वेगळी वायर, एमसीबी, आरसीसीबी व अर्थिंग. त्यानंतर ग्राइंडर, पकड व हॅकसॉ. आणि सर्वांत शेवटी वेल्डिंग यंत्र. पुष्कळ जण हा क्रम उलटा करतात. यंत्रावर पैसे संपतात आणि डोळे, हात व वायर यांच्यासाठी काही उरत नाही.

गावच्या लोहाराला आपला भाता काय करू शकतो ते ठाऊक होते, तसेच तो काय करू शकत नाही तेही ठाऊक होते. म्हणून त्याच्या शब्दाला गावात वजन होते. विजेचा भाता घरी आणणाऱ्यानेही तोच विवेक ठेवावा. फाळके, फाटक, चौकट, गव्हाण ही घरची कामे निर्धास्त घरी करावीत, हंगामातला दिवस वाचवावा. ज्या सांध्यावर दुसऱ्याचा जीव अवलंबून आहे, तो जाणत्या हाताकडे सोपवावा. एवढा भेद ज्यास कळला, त्याने लहान यंत्र घेतले तरी त्याचे काम मोठे होईल.